अंगाचा माठ झिरपू द्या

उन्हाळा पुरता तापला आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर असो, नाहीतर बारवीकडचे आणि वांगणीकडचे पाडे असोत, सगळीकडे अंगाची काहिली होते आहे. अशा वेळी ‘उन्हाळ्यात त्वचा जपा’ असे कुणी म्हटले की आपल्यातल्या पुष्कळ जणी हसतात. त्यांना वाटते, हे क्रीम लावून फिरणाऱ्या पोरींचे काम. आपण शेतावर, भट्टीवर, बाजारात, कारखान्यात राबणाऱ्या बाया. आपल्याला कसली आली त्वचेची काळजी?

म्हणून आज गोऱ्या-काळ्या रंगाबद्दल थोडेच बोलू आणि घामाबद्दल जास्त. कारण उन्हाळ्यात आपली कातडी आपला जीव वाचवत असते. ती हे काम कसे करते ते कळले, की काय करायचे आणि काय टाळायचे हे आपोआप समजते.

आधी एक साधा प्रश्न. मातीचा माठ पाणी गार करतो, स्टीलची कळशी का करत नाही? माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपते, वाऱ्याने वाळते आणि वाळता वाळता माठातली उष्णता घेऊन जाते. आपली कातडीही तसाच माठ आहे. माणसाच्या अंगावर सुमारे २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. कष्टाच्या कामात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. हा एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सात लिटरहून जास्त पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी अंगातून निघून जाते. घाम नुसता ओघळून जमिनीवर पडला तर हे काम होत नाही. तो अंगावर वाळला पाहिजे.

आता माठाचे तीन नियम आठवा. माठाला प्लास्टिक गुंडाळले तर पाणी गार होत नाही. माठ उन्हात ठेवला तर पाणी गार होत नाही. आणि माठ रिकामा असेल तर बोलायलाच नको. अंगाचेही हेच तीन नियम: घामाची वाट बंद करू नका, अंग थेट उन्हात तापवू नका आणि अंगातले पाणी संपू देऊ नका.

माठाची आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. हवा दमट असली की माठातले पाणी मनासारखे गार होत नाही, कारण बाहेरचे पाणी वाळतच नाही. आपल्या भागाची अडचण नेमकी हीच. बदलापूर मुंबईपासून रेल्वेने ६८ किलोमीटर आत आहे. समुद्रावरचे गार वारे इथे पोहोचेपर्यंत दुपार कलते. त्याआधी पूर्वेकडून येणारे गरम वारे हवा तापवून ठेवतात. म्हणून मुंबईत पारा ३४-३५ वर असतो, तेव्हा बदलापुरात तो ४० च्या वर गेलेला असतो. आणि तरीही आपली हवा विदर्भासारखी कोरडी नसते. म्हणजे ऊन आतल्या भागाचे आणि घाम किनाऱ्याचा, असा दुहेरी मार आपल्याला बसतो.

हवामान खातेही हा फरक धरते. पारा नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी चढला, तर सपाटीच्या प्रदेशात ४० अंशांना आणि किनारपट्टीवर ३७ अंशांनाच उष्णतेची लाट मानतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्यावर झाला. पारा ३८ च्या आसपास होता. तरी उष्माघाताने १४ माणसे गेली. म्हणून ‘नागपूरला ४५ असते, आपल्याकडे कुठे तेवढे’ असे म्हणून निश्चिंत राहू नका.

आता पहिला नियम, घामाची वाट मोकळी ठेवण्याचा. घाम बाहेर येणारे बारीक छिद्र बुजले की घाम कातडीखालीच अडकतो. तिथे बारीक लाल पुरळ उठते, टोचते, खाज सुटते. हेच घामोळे. मानेवर, पाठीवर, छातीखाली, काखेत, कमरेला ते जास्त येते. घामोळे म्हणजे बुजलेली वाट, एवढे लक्षात ठेवले की उपाय सोपा होतो. वाट मोकळी करायची. सैल सुती कपडा घाला. नायलॉन आणि पॉलिस्टरची साडी दिसायला छान, धुवायला सोपी, पण ती घाम शोषत नाही आणि वाराही आत येऊ देत नाही. कामाच्या दिवसांत जुनी, मऊ सुती साडी बरी. ब्लाउजही सुती आणि काखेत सैल असावा.

पावडर ही आपली आवडती गोष्ट. पण ओल्या अंगावर पावडरीचा जाड थर दिला, की घाम आणि पावडर मिळून त्याचा लगदा होतो आणि तोच छिद्रे बुजवतो. लावायचीच तर अंग पुसून, कोरडे करून, अगदी पातळ लावा. घामोळ्यावर खोबरेल तेल चोपडू नका, त्यानेही वाट बंद होते. खाज फार असेल तर गार पाण्याची ओली पट्टी ठेवा, किंवा कॅलामाइन लोशन लावा. नखाने खाजवू नका. कातडी फुटली की तिथे पू धरतो.

पाण्याची टंचाई असलेल्या पाड्यांवर ‘दिवसातून दोनदा आंघोळ करा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. त्यापेक्षा हे करा. एक तांब्याभर पाणी घ्या, सुती फडके ओले करून पिळा आणि मान, काखा, छातीखालचा भाग, जांघा, पायाची बोटे पुसून घ्या. मग तो भाग कोरड्या फडक्याने टिपा. कामावरून आल्यावर आणि झोपण्याआधी असे दोनदा केले तरी पुष्कळ झाले. साबण दिवसातून एकदाच, तोही काखा आणि जांघांपुरता. फार साबणाने कातडीचे तेल निघून जाते आणि ती आणखी चुरचुरते.

तान्ह्या बाळांना घामोळे लवकर येते, कारण त्यांची छिद्रे नाजूक असतात. भर उन्हाळ्यात बाळाला टोपडे, मोजे, दुपटे असे बांधून ठेवू नका. तेल लावले तर आंघोळीत ते नीट निघाले पाहिजे. बाळाच्या तोंडाजवळ पावडर उडवू नका, ती श्वासातून छातीत जाते. एकच सुती झबले आणि वारा, एवढे बाळाला पुरते.

आता अशा एका जागेबद्दल बोलू, जिच्याबद्दल आपण कधी बोलत नाही. ती म्हणजे परकराच्या नाडीची जागा. साडी घट्ट बसावी म्हणून नाडी करकचून आवळायची सवय आपल्याला लहानपणापासून. उन्हाळ्यात तिथे घाम साचतो, धूळ बसते, नाडी घासते. कातडी काळी पडते, सोलते, कधी जखम होते, आणि आपण ‘असू दे, नाडीचा वळ आहे’ म्हणतो. वर्ध्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी बिहारमधल्या डॉक्टरांबरोबर २०२४ साली दोन वयस्क बायांची हकिगत वैद्यकीय मासिकात छापली. एक परकराची नाडी घट्ट बांधत असे, दुसरी लुगडे कमरेला आवळून नेसत असे. दोघींच्या कमरेवरची जखम महिनोन्महिने भरली नाही आणि तपासल्यावर तो कातडीचा कर्करोग निघाला. घाबरून जाऊ नका, असे फार क्वचित होते. पण त्यातून शिकायचे ते सोपे आहे. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावा. रोज तीच जागा नको, नाडी कधी थोडी वर, कधी खाली बांधा. घरी आल्यावर ती सैल करा. आणि कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा.

जांघेत, काखेत, कमरेला गोल चट्टा आला, कडेने लाल आणि मधे फिका, आणि रात्री खाज वाढते, तर ते घामोळे नव्हे. ते गजकर्ण. ही बुरशी आहे. ओल्या, दबलेल्या जागेत ती भाकरीवरच्या बुरशीसारखी वाढते. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर मशीनवर बसून जीन्स शिवणाऱ्या बायांना, कारखान्यात जाड कपड्यांत उभे राहणाऱ्यांना आणि लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या लेकींना ती हटकून गाठते. शेडमध्ये ऊन लागत नाही म्हणून त्रास होणार नाही, असे समजू नका. तापलेला पत्रा वरून भाजतो आणि आत वारा नसतो.

गजकर्ण झाले की आपण काय करतो? मेडिकलच्या दुकानात जातो आणि ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. इथे मात्र नीट ऐका. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉईड मिसळलेले असते. स्टिरॉईडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि आपल्याला वाटते, औषध लागू पडले. पण स्टिरॉईड त्या जागेची झगडण्याची ताकद कमी करते. बुरशी मरत नाही, गुपचूप पसरते. ट्यूब थांबवली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो. मग पुन्हा ट्यूब. असे महिने जातात. कातडी कागदासारखी पातळ होते, जांघेत पांढऱ्या-लाल रेघा उमटतात आणि त्या पुढे जात नाहीत. भारतभर गजकर्ण हट्टी होण्याचे हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉईडची १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम कडक केला.

ट्यूबवर बारीक अक्षरांत नावे असतात. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, यांपैकी कुठलेही नाव दिसले तर ते स्टिरॉईड. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर त्यांनी सांगितले तेवढेच दिवस लावा. मनाने आणू नका आणि शेजारणीची ट्यूब तर मुळीच लावू नका. गजकर्णाचे खरे औषध खाज थांबल्यावरही काही आठवडे, डॉक्टर सांगतील तोवर, चालू ठेवावे लागते. घरात दुसऱ्या कुणाला चट्टे असतील तर त्यांनाही त्याच वेळी औषध हवे, नाहीतर टॉवेलावरून आणि चादरीवरून ते पुन्हा फिरत राहते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. आतले कपडे गरम पाण्यात धुवा आणि उलटे करून कडक उन्हात वाळवा. आपण ते लाजेने साडीखाली लपवून सावलीत वाळत घालतो आणि ते ओलसरच राहतात. एवढी लाज सोडली तर निम्मे काम होते.

आता दुसरा नियम, अंग थेट उन्हात न तापवण्याचा. सूर्याचे भाजणारे किरण सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत सर्वांत तीव्र असतात. शेतावर राब भाजायचा असेल, गवत कापायचे असेल, लाकूडफाटा आणायचा असेल, तर ते पहाटे आटोपा. राब भाजताना वरून ऊन आणि समोरून आग अशी दोन्हीकडून कातडी शेकते, म्हणून हे काम तर भर दुपारी नकोच. करवंदे, जांभळे, काकड्या घेऊन स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायांनी पाटीला सावली शोधतो तशी स्वतःलाही शोधावी. ओल्या सुती कपड्याने पदराखालून डोके आणि मान झाका. लांब बाह्यांचा जुना सुती शर्ट ब्लाउजवर चढवा. हे संरक्षण फुकटचे आहे आणि कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचे आहे. सनस्क्रीन परवडत असेल तर एस.पी.एफ. ३० किंवा जास्तीचे घ्या, बाहेर पडण्याआधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. सकाळी एकदा लावले ते दिवसभर पुरत नाही.

ऊन लागून कातडी लाल झाली, चुरचुरली तर त्यावर गार पाण्याची पट्टी ठेवा. बर्फ थेट लावू नका, टूथपेस्टही लावू नका. फोड आले तर फोडू नका.

उन्हाने गालावर, नाकावर काळपट वांग येतो. बाळंतपणाच्या काळातही तो वाढतो. तो घालवायला काही जणी लिंबू चोळतात. पण लिंबाचा रस लावून उन्हात गेले की त्या रसाची आणि उन्हाची रिअ‍ॅक्शन होऊन कातडी भाजते आणि डाग आणखी काळा होतो. गोरे करणाऱ्या, लेबल नसलेल्या क्रीमपासून तर चार हात दूर राहा. अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुली अशी एक क्रीम वापरत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. ही बातमी २०२३ च्या सुरुवातीची आहे. चेहऱ्यावर लावलेले कातडीतून आत जाते, ते असे. वांगावर सावली हेच पहिले औषध. बाकीचे डॉक्टरांना विचारून.

तिसरा नियम, माठ रिकामा होऊ न देण्याचा. तहान लागण्याची वाट पाहू नका. कामावर असताना दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी प्या. आपल्यातल्या पुष्कळ जणी मुद्दाम कमी पाणी पितात, कारण कामाच्या जागी लघवीची सोय नसते. मुकादमाला, ठेकेदाराला, ग्रामपंचायतीला ही सोय एकजुटीने मागा. पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून ताक, लिंबूसरबत, कोकम सरबत, कैरीचे पन्हे, तांदळाची पेज हे सगळे उत्तम. फार घाम गेला, गळाल्यासारखे झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, आणि माप तंतोतंत. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा साखर आहे, त्यांनी मीठ-साखरेबद्दल डॉक्टरांना विचारावे. लघवीचा रंग पाहा. गडद पिवळी झाली तर माठ रिकामा होतो आहे असे समजा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कधी कधी माठ झिरपायचाच थांबतो. अंग तव्यासारखे तापते, कातडी गरम आणि कोरडी होते, बाई असंबद्ध बोलू लागते, झोकांड्या खाते, झटके येतात किंवा शुद्ध जाते. हा उष्माघात. कष्ट करणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो, म्हणून ‘घाम येतोय ना, मग काही नाही’ असे म्हणू नका. बोलणे बिघडले आणि अंग तापले, एवढे पुरे. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत न्या, साडीचा घोळ, ब्लाउजची बटणे, नाडी सैल करा. अशा वेळी लाज नको, चार जणी आडोसा धरा. अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. मान, काखा, जांघा इथे ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, यांतले जे जवळ असेल तिथे न्या. अंग गार करायला सुरुवात आधी, प्रवास नंतर.

म्हातारी माणसे, तान्ही बाळे, गरोदर बाया आणि साखरेचा आजार असलेल्या बाया यांचा माठ लवकर थकतो. त्यांच्याकडे दुपारी एकदा तरी डोकावून या.

येत्या बैठकीत गटाने चार कामे करावीत. एक, प्रत्येकीने घरातली खाजेची ट्यूब आणावी आणि तिच्यावरचे नाव सगळ्यांनी मिळून वाचावे. दोन, एक लिटर पाण्यात साखर-मिठाचे माप एकीने करून दाखवावे. तीन, आशाताईंना बोलावून १०८ चा फोन करताना पाड्याचा पत्ता नेमका कसा सांगायचा, जवळची खूण कोणती, हे ठरवून घ्यावे. चार, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांची यादी करून कोण कुणाकडे दुपारी जाणार ते वाटून घ्यावे. या कामांना पैसा लागत नाही, आणि पाऊस यायला अजून पुष्कळ दिवस आहेत. तेव्हा याच आठवड्यात बसा.